खिशातला ईसी मीटर : क्षारपड जमिनीसाठी घ्यावा का?

ईसी म्हणजे विद्युतवाहकता; पाण्यात क्षार जास्त तितकी ती जास्त, आणि हा मीटर तीच मोजतो. प्राचीन काळी दक्षिण मेसोपोटेमियात (आजचा दक्षिण इराक) कालव्यांचं पाणी वाढलं, निचरा झाला नाही, भूजल वर आलं आणि क्षार मुळांपाशी साचले. गव्हाची जागा जवाने घेतली, कारण जव जास्त क्षार सोसतो. ऊस तर गव्हाहूनही नाजूक. मातीच्या संपृक्त अर्कात (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात) ईसी 1.7 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की त्याचं उत्पादन घटू लागतं. गव्हाची मर्यादा 6, जवाची 8. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात हा मीटर म्हणूनच हवा.

मोजणी अशी : 20 ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती, 50 मिली डिस्टिल्ड वॉटर. अर्धा तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या, मग वरच्या पाण्यात मीटर बुडवा. नळाचं पाणी चालत नाही, त्यातले क्षारही मोजले जातात. नमुने 0-30, 30-60 आणि 60-90 सेंमीचे वेगळे घ्या. भूजल वर येताना क्षार आधी खालच्या थरात दिसू शकतात. हा आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो, त्यामुळे वरच्या मर्यादांशी थेट ताडू नका. दर हंगामात त्याच जागेचा आकडा चढतोय का, ते पाहा.

घेताना तापमान भरपाई असलेलाच घ्या, आणि 1.413 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या प्रमाणित द्रावणाने नियमित जुळवा. फक्त टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारा नको.

मोठी उणीव अशी की चोपण जमीन याला कळत नाही. सोडियम मातीला चिकटलेला असतो, ईसी कमीच दिसते. त्यासाठी सामू आणि विनिमययुक्त सोडियम प्रयोगशाळेतूनच तपासा, त्याशिवाय जिप्सम टाकू नका.