तांब्यांचं आधी कोणतं गाणं ऐकावं?

भा. रा. तांबे (१८७३–१९४१) म्हणजे आम्हा ग्वाल्हेरकरांचे राजकवी. त्यांच्या कविता घरोघरी पोहोचल्या त्या लताबाईंच्या आवाजात, तेही तांबे गेल्यानंतर. त्यांना हे ऐकायला मिळालं नाही, याची हळहळ वाटते.

'जन पळभर म्हणतील'ची चाल वसंत प्रभूंची. एकदा ऐकली की ओठांवर बसते. आपण गेल्यावरही जगाचे व्यवहार चालूच राहतील, हे इतकं कठोर सत्य चाल अगदी सहज सांगून जाते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आजी गहू निवडताना हेच गुणगुणायची. 'हाय हाय'पाशी तिचा हात सुपातच थांबायचा.

'मावळत्या दिनकरा'ला चाल हृदयनाथांची. ती गुणगुणणं सोपं नाही. उगवत्याला सगळे नमस्कार करतात, मावळत्याकडे पाठ फिरवतात. ही खंत सुरांच्या लांब ओढीत हळूहळू उतरते. मी हे दिवेलागणीलाच लावते, घाईत कधीच नाही.

नव्या माणसाला मी पहिलं ऐकवीन. शब्द लगेच कळतात, चाल सोबत राहते. पण मला स्वतःला एकच निवडायचं झालं, तर दुसरं.