साडेचौदाशेचा यूएसबी डॅक आणि मागची शिट्टी

गणपती पेठेतल्या एका दुकानातनं मागच्या आठवड्यात हा यूएसबी डॅक घेतला (लॅपटॉपमधल्या डिजिटल आकड्यांचा हेडफोनसाठी आवाज करून देणारा डबा), १,४५० रुपये. कंपनीचं नाव नाही, काळा डबा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा आणि वर सोनेरी स्टिकर, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ (म्हणजे आवाजाचे सेकंदाला १,९२,००० नमुने, सँपल, प्रत्येक २४ बिटचा). लॅपटॉपचा हेडफोनचा जॅक गेलाय म्हणून घेतला, दुसरं काही कारण नव्हतं.

पहिले २ दिवस खूश होतो. गाणी मस्त, बेस पण भरपूर. तिसऱ्या दिवशी मिरजेच्या मित्राने पाठवलेलं नुसत्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं (त्याचं घर सतारमेकरांच्या गल्लीजवळ आहे, दिवसभर कानावर तेच) तर मागे कुठंतरी बारीक शिट्टी वाजतीये असं वाटायला लागलं. आधी वाटलं रेकॉर्डिंगच खराब, मोबाइलवर लावलं तर एकदम स्वच्छ. मग म्हणलं आता टेस्ट टोन, म्हणजे एकाच सुराचा सलग आवाज, लावूनच बघू.

खर्च काही नाही, ऑडॅसिटी फुकट आहे, त्यात जनरेटमध्ये जाऊन टोन, स्वीप, शांतता सगळं बनवता येतं. फक्त व्हॉल्यूम आधी खाली आणा, शुद्ध टोन गाण्यासारखा वाटत नाही म्हणून लोक वाढवत जातात आणि मग कान नाहीतर स्पीकरचा ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जातो.

स्वीप लावला, म्हणजे खालून वर चढत जाणारा टोन, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत. मित्राचा चांगला इंटरफेस (रेकॉर्डिंगचा डबा) आणून त्यात रेकॉर्ड करून ग्राफ बघितला, कुठं खड्डा नाही, डावं उजवं सारखं. इथं पैकीच्या पैकी. (मला स्वतःला १३ हजारांच्या पुढे काही ऐकू येत नाही, मुलगी म्हणते अजून वाजतंय, तो विषय वेगळा.)

मग नुसती शांतता लावली, म्हणजे फाइल चालू आहे पण आत सगळे शून्य. फाइल वाजत नव्हती पण डबा वाजत होता! ग्राफमध्ये बरोबर १,००० हर्ट्झवर एक सुळका, पुढे २,००० ला छोटा, ३,००० ला अजून छोटा. पंख्याची नाहीतर लाइटची घरघर असती तर ५०, १००, १५० ला दिसली असती, हे यूएसबीचंच होतं. फुल-स्पीड यूएसबीत (नाव तसं, पण हा जुना हळू प्रकार) डेटा दर १ मिलिसेकंदाला एक पुडकं असा जातो, म्हणजे सेकंदाला १,००० पुडकी, आणि आतला वीजपुरवठा नीट गाळलेला नसेल तर तीच टिकटिक आवाजात उतरते.

आता गंमत बघा, बहुतेक लोक टेस्टला १,००० हर्ट्झचाच टोन लावतात आणि त्याच्याच खाली ही शिट्टी झाकून जाते. म्हणून ९९७ लावायचा. ऑडिओ मोजणारे लोक पण ९९७ च घेतात, ती मूळ संख्या आहे, ४४,१०० किंवा ४८,००० ला (सेकंदाला नेहमी इतके सँपल असतात) तिने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे दर फेरीला तेच तेच सँपल येत नाहीत. मी तो एकदम हळू ठेवला, साधारण शिट्टीएवढाच, आणि हेडफोनमध्ये वाँव-वाँव-वाँव, सेकंदाला ३ वेळा. तंबोऱ्याची जोड लावताना दोन तारा जवळ आल्यात पण अजून मिळाल्या नाहीत तेव्हा जशी लाट येते, अगदी तश्शी. मित्राला फोनवर ऐकवलं, तो म्हणाला "अरे एक तार किंचित उतरलीये." मी म्हणलं तारच नाही रे यात.

आणि इथंच स्टिकरचं पण पितळ उघडं पडलं. लॅपटॉपमध्ये डिव्हाइसची माहिती उघडली तर खरंच फुल-स्पीड. त्यात ऑडिओचं एक पुडकं जास्तीत जास्त १,०२३ बाइटचं. १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनल म्हणजे दर मिलिसेकंदाला १९२ गुणिले ६ (२४ बिटचे ३ बाइट, दोन चॅनलचे ६), झाले १,१५२ बाइट. जाणार कसे? एसटीत माणसं कोंबता येतात, यात नाही. म्हणजे २४ बिट १९२ हे फक्त स्टिकरवर. तसं १९२ नसल्याचं मला दुःख नाही राव, ४८ पण भरपूर आहे, पण मग छापायचं कशाला.

कुणी घ्यावा? यूट्यूब, लेक्चर, गाणी एवढंच असेल तर चालतंय, गाण्यात शिट्टी दबून जाते. शास्त्रीय ऐकत असाल, रात्री हेडफोन लावून बसत असाल तर लांब राहा. माझ्याकडून ५ पैकी २, ते पण स्वीपचे.

काल परत करायला गेलो. काका म्हणाले गाणी तर वाजतात की. मोबाइलला ओटीजी लावून डबा जोडला, ९९७ ची फाइल लावली आणि हेडफोन त्यांच्या कानाला. थोडा वेळ ऐकलं, वर बघितलं, "हे फॅनचं असतंय", उठून फॅन बंद केला. परत हेडफोन लावला. फॅन पूर्ण थांबेपर्यंत ऐकत बसले, मग काही न बोलता गल्ल्यातनं पैसे काढले, १,४००. पन्नास कशाचे कापले ते काही मी विचारलं नाही.