आठ महिने, तीन वेग आणि खोकाभर वेडी गाणी

हा रेकॉर्ड प्लेअर मी गेल्या नोव्हेंबरात घेतला. सुटकेससारखा बंद होणारा, तीन वेगांचा (मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेरे), आत दोन छोटे स्पीकर, किंमत साडेसहा हजारांच्या आसपास. आता श्रावण तोंडावर आलाय. घेण्याआधी मी बरेच अभिप्राय वाचले होते, पण ते बहुतेक खोका उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले. वस्तू दिसते कशी, रंग कोणता, एवढंच त्यात. गोव्यातल्या फोंड्याचा अर्धा पावसाळा अंगावर काढल्यावर ती वाजते कशी, ते मी लिहिते.

घेण्याचं कारण म्हणजे दोन खोकी. एक माळ्यावरचं, सासऱ्यांच्या जुन्या ७८ च्या रेकॉर्ड्सचं. दुसरं शेजारच्या अंकलनी दिलेलं. अंकल तारवटी, उमेदीची सगळी वर्षं बोटीवर गेली. लेकीकडे कायमचे राहायला जाताना त्यांनी एक पुठ्ठ्याचं खोकं आणून दिलं, त्यात चाळीसेक छोट्या ४५ च्या रेकॉर्ड्स होत्या. "हांतूंत सगळीं पिशीं गाणीं आसात, चल्याक आवडटलीं," म्हणाले, म्हणजे माझ्या मुलाला ती आवडतील. आणि खरोखरच सगळी वेडी गाणी निघाली. भुंकणारे कुत्रे, खारींचे आवाज, भुतांचा नाच, उलटं वाजणारं गाणं. एकेकाळी लाखांनी खपलेली आणि नंतर कुणी फारसं नाव न काढलेली.

आधी तक्रार. सगळ्यात मोठा दोष म्हणजे गाणं संपलं की रेकॉर्ड फिरवणारं ताट आपोआप थांबवणारी सोय. ती मोठ्या रेकॉर्डच्या मापाने बसवलेली असावी. छोट्या ४५ वर शेवटचे पंधरावीस सेकंद उरले असतानाच ताट थांबतं. भावगीत असतं तर शेवटचा आलाप गेला म्हणून हळहळून गप्प बसले असते. पण या गाण्यांची सगळी गंमत शेवटी असते. 'द चिपमंक साँग'च्या शेवटी तीन खारी आणि त्यांना गाणं शिकवणारा यांचं कडाक्याचं भांडण होतं. आमच्याकडे ख्रिसमसला वाड्यावरची मुलं जमली होती, आणि भांडण पेटलं तेवढ्यात प्लेअर गप्प. मुलांचे चेहरे बघवेनात. सुदैवाने ही सोय बंद करायचं बटण मागच्या बाजूला आहे. पहिल्याच दिवशी ते बंद करा.

दुसरा दोष वेगाचा. महिनाभर मला वाटत होतं की सगळेच गायक थोडे घाईत आहेत. वेग तपासायला रेघांची कागदी चकती मिळते. ती ताटावर ठेवून साध्या पिवळ्या बल्बखाली बघायची. रेघा जागच्या जागी स्थिर दिसल्या तर वेग बरोबर, पुढे सरकताना दिसल्या तर जास्त. मी आधी छापून घेतलेली चकती अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेची निघाली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३३ च्या वेगाला १८० रेघांची चकती लागते. ती ठेवली तर रेघा भराभर पुढे पळताना दिसल्या. फोंड्याच्या बाजारात एक रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. त्यांनी ताट उचलून मोटरचा बारीक स्क्रू पेचकसाने केसभर फिरवला. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर किशोरकुमार किशोरकुमारसारखा वाटायला लागला.

अंकलच्या खोक्यातल्या अमेरिकन ४५ ना मधे रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं भोक असतं. त्यासाठी लागणारं प्लॅस्टिकचं बटण प्लेअरसोबत येतं, ते जपून ठेवा. आमचं फेब्रुवारीत तडकलं.

पण वेगाच्या या भानगडीतूनच मला या गाण्यांचं खरं दार उघडलं. १९५८ च्या ख्रिसमसला त्या खारींच्या गाण्याने अमेरिकेत सलग ४ आठवडे पहिला नंबर सोडला नव्हता, आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या ग्रॅमी पुरस्कारांत त्याला ३ पुरस्कार मिळाले. ते करणारा रॉस बाग्दासारियन. त्याने टेप अर्ध्या वेगाने फिरवत अगदी हळू, शांतपणे गाऊन घेतलं आणि मग टेप पूर्ण वेगाने वाजवली. आवाज एक सप्तक वर गेला. आल्विन, सायमन आणि थिओडोर ही खारींची नावं त्याने आपल्याच रेकॉर्ड कंपनीच्या माणसांवरून घेतली होती.

हे मुलाला तोंडी सांगून पटेना. मग मी ४५ ची रेकॉर्ड ३३ वर लावली. संगीत लडबडायला लागलं, आणि खारींच्या जागी हळूहळू एक माणूस दिसायला लागला. पुरता नाही, कारण पुरता माणूस ऐकायचा तर वेग साडेबावीसवर यायला हवा आणि तेवढा या प्लेअरवर नाही. पण एक मोठा माणूस एकेक शब्द सावकाश, तोलून, सुरात ठेवतोय हे कळलं. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, हा तर किती नीट गातोय!" मला हीच गोष्ट आठ महिने दिसत आली. ज्या गाण्यांना लोक थिल्लर म्हणून बाजूला ठेवतात, ती करणारी माणसं कमालीची शिस्तीची होती. आवाज जितका वेडा, तितकं काम चोख.

भुंकून 'जिंगल बेल्स' गाणाऱ्या कुत्र्यांचंच बघा. १९५५ ची रेकॉर्ड. कार्ल वाइसमान हा डेन्मार्कचा माणूस पक्ष्यांचे आवाज टिपायचा. मधेमधे कुत्रे भुंकायचे, ते तुकडे कापून काढावे लागायचे. पुढे त्याने वेगवेगळ्या सुरांतल्या भुंकण्याचे टेपचे तुकडे कात्रीने कापून एकापुढे एक चिकटवले आणि त्यातून चाल उभी केली. आज हे काम संगणकावर चुटकीसरशी होतं. तेव्हा एकेक 'भौ' हाताने मोजून लावलेला. 'मॉन्स्टर मॅश' या १९६२ च्या गाण्यात शवपेटी करकरत उघडल्याचा आवाज आहे, तो लाकडातून गंजलेला खिळा उपसून काढलेला, आणि रसायन उकळल्याचा आवाज म्हणजे पाण्याच्या ग्लासात नळीने मारलेली फुंकर. आम्ही घरी दोन्ही करून बघितले. खिळ्याचा आवाज हुबेहूब येतो, फक्त फळी जुनी हवी.

आता ७८ विषयी, कारण यात बरेच जण फसतात. प्लेअरवर ७८ चा वेग आहे म्हणजे ७८ ची रेकॉर्ड नीट वाजेल असं नाही. सोबत येणारी सुई बारीक खाचांच्या, म्हणजे ३३ च्या मोठ्या एलपी आणि ४५ च्या मापाची असते. ७८ ची खाच साधारण तिप्पट रुंद. बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. ७८ ची वेगळी सुई मागवावी लागली, यायला तीन आठवडे लागले. ती बसवली आणि सासऱ्यांचं खोकं बोलायला लागलं.

त्यात एक हसण्याची रेकॉर्ड होती. चार्ल्स पेनरोज या इंग्रज गायकाची, 'द लाफिंग पोलीसमन'. कडवं कसंबसं होतं आणि मग माणूस नुसता हसत सुटतो, पण हसतो तालात. ही चाल त्याची स्वतःची नव्हे. ती आली जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकाच्या हसण्याच्या गाण्यावरून. जॉन्सनने ते १८९० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केलं. त्या काळी एका मूळ मुद्रणावरून हव्या तेवढ्या प्रती काढण्याची सोय नव्हती. समोर तीनचार यंत्रांचे कर्णे लावायचे, गायचं, ज्यांवर गाणं मुद्रित व्हायचं ती नळकांडी बदलायची, पुन्हा पहिल्यापासून गायचं. म्हणजे जेवढ्या घरांत तो हसला, तेवढ्यांसाठी त्याला खरोखर पुन्हा पुन्हा हसावं लागलं. दिवसभर. त्याच उत्साहाने. हे कळल्यापासून ती रेकॉर्ड मी पाहुण्यांना गंमत म्हणून सहज लावत नाही. लावली तर आधी जॉन्सनचं नाव सांगते.

आणि मग 'इना मीना डिका'. १९५७, चित्रपट 'आशा', संगीत सी. रामचंद्र. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं, त्यात नवीन काय ऐकणार असं मला वाटलं होतं. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या हात थांबवून म्हणाल्या, "माका नाका! अगो, हें तर आमचेंच!" सत्तर वर्षं हे शब्द कानावरून गेले आणि ते कोंकणी आहेत हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं. त्यामागची हकीकत अशी सांगतात की खोलीबाहेर खेळणारी मुलं 'ईनी मीनी मायनी मो' म्हणत होती, तिथून सुरुवात सुचली, आणि सी. रामचंद्रांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी 'माका नाका'ची भर घातली. 'मला नको' या दोन साध्या शब्दांवर सगळा देश नाचला.

ही रेकॉर्ड मी ४५ वर लावून बघितली. किशोरकुमार झोपेत बडबडल्यासारखा होतो, पण मागचा ट्रंपेट आणि सॅक्सोफोन कुठे शिरतात, कुठे थांबतात, ते अगदी उलगडून ऐकू येतं. एकही सूर भोंगळ नाही. अशी वाद्यं तेव्हाच्या मुंबईत वाजवणारे किती तरी हात गोव्याचे होते. स्वरलिपी वाचता येणारे, चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोटलेले. सी. रामचंद्रांबरोबर काम केलेला ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हा हळदोण्याचा. 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. रेकॉर्डच्या लेबलवर मात्र गायक, चित्रपट आणि संगीतकार एवढंच छापलेलं. वाजवणाऱ्यांचं नाव शोधायला गेलं तर कोरी जागा. आमच्या घरापासून हळदोणं तासाभराच्या वाटेवर आहे, म्हणून ती कोरी जागा मला जास्त टोचते.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव तेवढं गाण्यात राहिलं. तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी आठवण ठेवली म्हणून. 'अमर अकबर अँथनी'तल्या १९७७ च्या त्या गाण्याआधी अमिताभ बच्चन जे लांबलचक अगडबंब इंग्रजी फेकतो, त्याचं शेपूट ब्रिटनचा पंतप्रधान डिझरायली याने १८७८ साली आपला विरोधक ग्लॅडस्टन याच्यावर केलेल्या टीकेतून उचललेलं आहे. मुलगा अर्थ विचारत होता. अर्थ नाहीच, पण शब्द थेट ब्रिटिश राजकारणातून आलेत हे ऐकून त्याने ते सगळं वाक्य पाठ केलं.

पावसाळ्याचं. जूनमध्ये पंधरवड्याच्या आत कव्हरांवर पांढरी बुरशी आली, सुटकेसचं रेक्झिन कडेने फुगलं. कपाटात तळाशी झिरोचा बल्ब सतत चालू ठेवला, आणि रेकॉर्ड्स आडव्या न रचता उभ्या ठेवल्या. ४५ वरची बुरशी बाटलीबंद शुद्ध पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब यांनी निघते, फक्त लेबल भिजवू नका. ७८ ला मात्र स्पिरिट कधीही लावू नका. मी एका रेकॉर्डच्या कडेला लावलं आणि फडकं तपकिरी झालं, चकाकी कायमची गेली. ७८ लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं लाखेचं पॉलिश असंच तर करतात. ती रेकॉर्ड सासऱ्यांची होती. अजून वाईट वाटतं.

आतले स्पीकर किरकोळ. आवाज वाढवला की ताटच हादरतं आणि सुई उडते. मागे बाहेरच्या स्पीकरची जोडणी आहे, ती वापरा. सुई उडू नये म्हणून सुईच्या दांड्यावर नाणं ठेवायचा सल्ला लोक देतात, तो ऐकू नका. खाच कायमची खरवडली जाते.

एका रेकॉर्डपाशी मी अजून अडते. १९६६ ची, गायकाचं टोपणनाव नेपोलियन चौदावा, खरं नाव जेरी सॅम्युअल्स. ढोल, टाळ्या, भोंगा, आणि वेडाच्या इस्पितळात नेला जाणारा माणूस. टेपचा वेग बदलत मुद्रण केल्यामुळे ठेका तसाच राहतो आणि आवाज मात्र चढत जातो. कारागिरी जबरदस्त. पण मनाने आजारी माणसाला हसायचं मला जमत नाही, आणि तेव्हाही अमेरिकेत बऱ्याच रेडिओ केंद्रांनी ते वाजवणं थांबवलं होतं. मुलाला मी हे सरळ सांगितलं. तरी त्याला दुसरी बाजू हवी होती, कारण दुसऱ्या बाजूला तेच गाणं अख्खंच्या अख्खं उलटं भरलं आहे, शीर्षकसुद्धा उलट्या अक्षरांत.

गेल्या रविवारी वीज जाऊन परत आल्यावर त्याने विचारलं, उलट्याला उलटं फिरवलं तर? झिजलेली जुनी सुई बसवली, ताट उचलून खालचा पट्टा काढला, प्लेअर चालू ठेवला. त्याने एक बोट लेबलाच्या कडेला टेकवलं आणि ताट डावीकडे फिरवायला लागला. आधी नुसती घरघर. मग बोटाला वेग सापडला आणि आतून ठेका आला, टाळ्या आल्या, आणि तुटक तुटक पण ओळखू येणारे सरळ शब्द. बाहेर पाऊस कोसळत होता. बोट दुखेपर्यंत त्याने फिरवलं, मग मला म्हणाला, आता तू.