सीएनसीच्या लिनिअर रेलला ग्रीस की तेल? एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

मशीन (सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणारं) घरीच जोडलेलं आहे. एक्स आणि वाय या दोन आडव्या अक्षांना २० मिमीच्या लिनिअर रेल (सरळ सरकण्यासाठीचे पोलादी रूळ), उभ्या झेडला १५ मिमीच्या, अक्ष हलवणारे बॉलस्क्रू १६०५ (१६ मिमी जाड, एका फेऱ्याला ५ मिमी). ठिकाण कोल्हापूर, पत्र्याची शेड. काम मुख्यतः लाकडाचं: सागवानी पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, मधूनच ॲल्युमिनियमच्या प्लेटा, आणि श्रावण लागला की गणपतीच्या मखरांसाठी एमडीएफ. जोडणी करतानाच ठरवलं होतं की एक्सला ग्रीस घालायचं, वायला स्लाइडवेचं तेल घालायचं आणि दोन ऋतू शांतपणे बघायचं. आता गणपती उरकलेत, हातात सांगण्याजोगं काही आहे.

निकाल आधी सांगते. लाकूड आणि एमडीएफ कापत असाल तर ब्लॉकच्या (रेलवरून सरकणाऱ्या, आत बॉल असलेल्या ठोकळ्याच्या) आत ग्रीस भरा आणि रेल बाहेरून पुसून जवळजवळ कोरडी ठेवा. वायवरचं तेल मी काढून टाकलं आणि तिथेही ग्रीसच भरलं.

तेल वाईट होतं म्हणून नव्हे. आयएसओ व्हीजी ६८ या दाटपणाच्या प्रतीचं, लेथच्या बेडला घालतात तेच तेल होतं. पहिले काही आठवडे वाय हाताने ढकलला तर एक्सपेक्षा हलका जायचा. ॲल्युमिनियमच्या कामात तर तेल मला जास्त आवडलं, कारण ते बाहेर येताना बारीक कण सोबत घेऊन येतं. खरा त्रास एमडीएफने दिला. त्याची धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती तेल शोषून घेते. रेलवर काळपट लगदा जमतो, ब्लॉकच्या टोकाचं रबरी सील तो ढकलत राहतं, आणि लगद्याखालची रेल मात्र कोरडी पडलेली असते. त्यात जुलै-ऑगस्टची हवा. तीच धूळ ओलही धरते. गॅन्ट्री (कापणारं डोकं वाहून नेणारा आडवा पूल) फारशी जात नाही त्या टोकाला, वायच्या रेलवर, तांबूस ठिपके दिसायला लागले. एक्सवर एकही नव्हता. मखरांचं काम नेमकं पावसाळ्यात येतं, म्हणजे धूळ सर्वात जास्त आणि हवा सर्वात दमट, दोन्ही एकाच वेळी. आपल्याकडच्या मशीनची परीक्षा तेव्हाच होते. परदेशी व्हिडिओ कोरड्या गॅरेजमधले असतात, ते बघून वेळापत्रक ठरवू नका.

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा आधार, बहुधा साबणाचा. स्पंजातून पाणी झिरपावं तसं त्यातून तेल थोडं थोडं सुटत राहतं, म्हणून एकदा भरलं की पुरतं. मी लिथियम साबणाचं एनएलजीआय २ या घट्टपणाच्या प्रतीचं, ईपी (जास्त दाब सोसणाऱ्या) प्रकारचं ग्रीस वापरते. सर्वोजेम ईपी २ औद्योगिक वंगणाच्या दुकानात सहज मिळतं. एसकेएफचं एलजीएमटी २ हेही लिथियमचंच, त्याच घट्टपणाचं. छंदाच्या मशीनला यापेक्षा महाग काही लागत नाही. दुकानात ‘मॉलीचं काळं घ्या, भारी असतं’ असा सल्ला मिळेल. तो गाडीच्या सीव्ही जॉइंटला ठीक. ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे घन कण असलेलं वंगण लिनिअर ब्लॉकमध्ये घालू नये, असं रेल बनवणारी हायविन कंपनी स्वतः सांगते. आतले बॉल लहान असतात, चार रांगांत सतत फिरत असतात, तिथे असे कण साचायला नकोत. डब्ल्यूडी-४० पण नको. रेलचा बाहेरचा चिकटा काढायला ते चालेल, पण ब्लॉकमध्ये मारलं तर आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जाईल. आणि दोन जातींची ग्रीसं मिसळू नका. लिथियममध्ये पॉलियुरिया किंवा मातीच्या आधाराचं ग्रीस गेलं तर मिश्रण पातळ होऊन तेल सोडून देऊ शकतं.

स्वस्तातल्या नव्या रेलवर जे तेलकट असतं ते बहुधा गंजरोधक तेल असतं, वंगण नव्हे. ते पुसून ग्रीस भरल्याशिवाय मशीन चालवू नये. ब्लॉक रेलवरून काढावाच लागला तर सोबत आलेल्या प्लास्टिकच्या नकली रेलवर सरकवा, नाहीतर काही ब्लॉकमधून बॉल जमिनीवर सांडतात.

भरण्याची पद्धत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गॅरेजमधली मोठी लिव्हरची गन वापरू नका, तिच्या दाबाने ब्लॉकच्या टोकाचं सील उखडू शकतं. सुईच्या तोंडाची छोटी गन पुरते. ब्लॉक हळूहळू पुढेमागे सरकवत थोडं थोडं दाबायचं, सीलच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ दिसली की थांबायचं. मग पूर्ण लांबीच्या दोन-चार फेऱ्या, बाहेर आलेलं पुसायचं. भरल्यावर थोडा वेळ अक्ष जड लागतो, जास्तीचं बाहेर पडलं की नेहमीसारखा होतो. एक अडचण निपलची: २० च्या ब्लॉकला एम६ चा निपल (ग्रीस भरायचं तोंड) लागतो पण आटे ०.७५ पिचचे (दोन आट्यांत ०.७५ मिमी अंतर), आणि दुकानात सहसा मिळतो तो १ पिचचा. जबरदस्तीने फिरवला तर आटे जातील. गॅन्ट्री चढवण्याआधीच निपल हात पोचेल त्या टोकाला लावून घ्या. नंतर तिथे काहीच पोचत नाही.

किती दिवसांनी? हायविनच्या माहितीत दर १०० किलोमीटर प्रवासानंतर ग्रीस, असा सर्वसाधारण आकडा आहे. हिशेब करा: मिनिटाला ३ मीटरने सतत चाललं तर तासाला १८० मीटर, म्हणजे १०० किलोमीटरला साडेपाचशेहून जास्त तास. आपली मशीन बरीचशी याहून सावकाश चालतात. म्हणजे किलोमीटर भरायच्या कितीतरी आधी धूळ आणि दमट हवा आपलं काम करून गेलेली असते. मी ते मोजणं सोडून दिलं. एमडीएफचं प्रत्येक मोठं काम संपलं की रेल पुसते आणि थोडं ग्रीस देते, एरवी दोन-तीन महिन्यांनी. बाहेर येणाऱ्या ग्रीसचा रंग बघते. मातकट आलं तर धूळ आत जातेय, करडं-काळं आणि चमकणारं आलं तर धातू झिजतोय, लालसर आलं तर गंज.

छोट्या पाट्यांच्या कामात आणखी एक गोष्ट. २० चा ब्लॉक सुमारे ७७ मिमी लांब आहे. अक्ष तेवढ्याच अंतरात तासन्‌तास मागेपुढे होत राहिला तर वंगण नीट पसरत नाही. मी अशा प्रत्येक कामानंतर तिन्ही अक्ष टोकापासून टोकापर्यंत फिरवणारा एक छोटा जी-कोड (मशीनला द्यायचा प्रोग्राम) चालवते.

झीज म्हणाल तर डायल (बारीक फरक मोजणारं घड्याळी माप) लावून पाहिलं, दोन्ही अक्षांत फरक सापडला नाही. इतक्या काळात सापडायलाही नको. फरक होता तो ठिपक्यांचा आणि लगद्याचा. पुढच्या श्रावणाआधी दोन कामं करायची आहेत: रेलच्या बोल्टांच्या भोकांवरची राहिलेली प्लास्टिकची टोपणं बसवायची, कारण भोकात साचलेला बुरा सील कापतो, आणि वायवर घडीचं रबरी कव्हर.