उंदरांसाठी पिंजरा की औषध?
सांगलीच्या गणपती पेठेतल्या आमच्या किराणा दुकानाच्या पोटमाळ्यावर दोन्ही करून झालंय. माझा कौल पिंजऱ्याला.

झिंक फॉस्फाईडची काळपट पूड पिठात कालवून गोळ्या ठेवल्या की उंदराच्या पोटातल्या आम्लाने फॉस्फीन वायू होतो आणि तो मरतो. काम झटपट. पण मरतो कुठे? आमच्याकडे हळदीच्या थप्पीमागे मेला. वासाने जीव नकोसा झाला, सगळी पोती हलवावी लागली. शिवाय थोडं खाऊन वाचलेला पुन्हा त्या गोळीला तोंड लावत नाही.

प्लेगच्या दिवसांत मेलेला उंदीर म्हणजे साक्षात धोका. १८९६ला साथ मुंबईत आली, मग इकडे पसरली. घरात उंदीर पडले की लोक माळावर झोपड्या घालून राहत, आणि ते शहाणपणाचंच होतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोगाने दाखवलं, की रोग पिसवांतून पसरतो. उंदीर गार पडला की पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात.

पिंजऱ्यात भज्याचा तुकडा अडकवा, पण पहिले दोन दिवस दार उघडंच बांधून ठेवा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. रोज सकाळी बघावं लागतं, आणि घूस असेल तर मोठा पिंजरा आणावा लागतो.