पातं स्टेनलेस, स्प्रिंग गंजकी: दाढीच्या ट्रिमरचे दहा महिने

मार्चमध्ये या ट्रिमरला चार तारे दिले होते. आज दोन देतोय. मोटर ठणठणीत आहे, बॅटरीची तक्रार नाही, पात्याची धारही शाबूत आहे. सगळं अडलंय ते पात्यामागच्या, बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या स्प्रिंगपाशी.

हेड अंगठ्याने मागे लोटून काढलं की दोन पाती दिसतात, खालचं स्थिर आणि वरचं सरकणारं. स्प्रिंगचे दोन पाय सरकत्या पात्याला स्थिर पात्यावर दाबून धरतात. तो दाब आहे तोवर केस कात्रीत सापडल्यासारखा कापला जातो. दाब गेला की पात्यांमध्ये बारीक फट पडते, केस तिच्यात दुमडतो आणि मुळापासून ओढला जातो. धार गेली असं समजून लोक ट्रिमरच बदलतात. आधी स्प्रिंग बघा. यातल्या स्प्रिंगवर जुलैत तांबूस पूड धरली आणि ऑगस्टमध्ये तिचा एक पाय झिजून वाकला. खोक्यावर ‘स्टेनलेस स्टील ब्लेड’ लिहिलंय ते खरं आहे, पण स्प्रिंगबद्दल एक अक्षर नाही.

मालवण-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्याला लागून राहणाऱ्यांनी तर हे बघूनच घ्यावं. हवेतलं मीठ धातूवर बसतं, ओलावा ओढून घेतं आणि पाऊस नसतानाही तो भाग ओलसर ठेवतं. त्यातला क्लोराइड स्टेनलेसचं संरक्षक कवचसुद्धा फोडतो, मग साध्या पोलादाच्या तारेची काय कथा! दुकानात चुंबक लावून पारख करायला जाऊ नका. धारेसाठी वापरतात त्या जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतोच.

वॉरंटी दोन वर्षांची, पण सेवा केंद्राचं उत्तर आलं की गंज तिच्यात बसत नाही. सुटी स्प्रिंगही मिळत नाही, अख्खं हेड घ्या, ४९० रुपये. चार रुपयांच्या तारेपायी ४९० मोजायचे, याचा राग अजून गेलेला नाही.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावरही विसंबू नका. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटं ठेवलं तरी आत पाणी शिरत नाही, एवढंच. हेड त्या सीलच्या बाहेर असतं. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. त्या पाण्याने हेड धुतलं तर स्प्रिंगवर आपणच मीठ चढवतो.

नवीन हेड बसवल्यापासून क्रम असा ठेवलाय. आधी कोरड्या ब्रशने केस झाडायचे. हेड काढून अर्धा पेला पिण्याच्या पाण्याने विसळायचं, झटकायचं, फडक्यावर ठेवून तासभर पंख्याखाली वाळवायचं. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्याच्या दातांवर, अर्धा स्प्रिंगच्या पायांवर, दहा सेकंद चालवून जादा तेल पुसायचं. खोबरेल इथे चालत नाही. पारा २४ अंशांखाली गेला की ते थिजतं, आणि एरवीही हळूहळू चिकट होऊन केसांचा भुगा धरून ठेवतं. ट्रिमर बाथरूममध्ये न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा. महिना झाला, स्प्रिंग अजून लख्ख आहे.

एक गोष्ट मात्र मार्चमध्ये कळलीच नव्हती. याचं चार्जिंग टाइप-सी आहे आणि पिनेवर रबरी बूच आहे. पावसात दोन-दोन दिवस लाइट नसताना पॉवर बँकेवर तो चार्ज होत राहिला, आणि आतल्या पिनांवर हिरवट थर आलेला नाही. एवढ्यासाठी अर्धा तारा वाढवतो. अडीच.

दाढी वाढवत असाल तर पहिले सहा आठवडे गालाला ट्रिमर लावू नका. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ होते, तेवढ्यात विरळ जागा बऱ्याच झाकल्या जातात. फक्त मान साफ ठेवा, कंठमण्याच्या वर दोन बोटं ही हद्द. नंतर छाटताना दाढी कोरडी हवी, ओली लांब दिसते आणि जास्त उडते. सगळ्यात मोठ्या कंगव्यापासून सुरुवात करा. या ट्रिमरच्या कंगव्याचे दात दाबले की वाकतात, त्यामुळे १० मिमीवर ठेवूनही हनुवटीखाली ८ च उरतात. हात हलका ठेवा.

तेल म्हणाल तर सेंटिमीटरभर दाढीला घाण्याच्या खोबरेलाचे दोन थेंब ओलसर केसांत पुरे. दमट हवेत त्याहून जास्त लावलं की घामासोबत कातडीवर बसतं आणि कोंडा धरतो. तसं झालं तर तेल बंद. २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवा. शिया बटरचे बाम उन्हाळ्यात घेऊ नका. दुपारी वितळतात, रात्री सावकाश थिजताना साजूक तुपासारखे रवाळ होतात आणि दाढीत कण राहतात. दाढी विंचरायचा कंगवा प्लास्टिकचा घेतलात तर दातांच्या कडेवरून नख फिरवून बघा. साच्याची शिवण लागली तर तिथेच केस तुटतो.

विकत घेण्याआधी दुकानदाराला हेड सुटं मिळतं का, कितीला, आणि स्प्रिंग वेगळी मिळते का हे विचारा. पुढच्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या सामानात एक जादा हेड आणि तेलाची कुपी धरून ठेवली आहे. कंपनीने स्प्रिंग सुटी विकायला काढली तर तिसरा तारा त्याच दिवशी देईन.