बिल एव्हान्स कुठून ऐकायला घ्यावा: 1961 की 1980?

जॅझ पियानोकडे वळणाऱ्याला जाणकार लोक ज्या चार-पाच जणांची नावं सांगतात, त्यात बिल एव्हान्स हमखास असतो. आणि त्याचं नाव घेऊन शोधायला बसलं की समोर ढीग येतो. त्याच्या स्वतःच्या नावावरची पहिली रेकॉर्ड 1956 ची, मृत्यू सप्टेंबर 1980 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी. या काळात स्टुडिओत, क्लबांत, मैफलींत त्याचं भरपूर ध्वनिमुद्रण झालं आणि तो गेल्यावरही पेटाऱ्यामागून पेटारे निघत राहिले. ज्याला सगळं जमवायचंय त्याला सल्ल्याची गरज नाही. ज्याला दोन-तीन अल्बम नीट ऐकून हा माणूस समजून घ्यायचाय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

निवड खरं तर दोन टोकांमध्ये आहे आणि दोन्ही टोकं एकाच तळघरात आहेत. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या छोट्या क्लबात एव्हान्सनं जून 1961 मध्ये वाजवलं तेही टेपवर आहे, आणि जून 1980 मध्ये वाजवलं तेही. दोन्ही वेळा पियानो, डबल बेस आणि ड्रम्स, एवढंच. मात्र साथीदार वेगळे आणि एव्हान्सही वेगळा. बहुतेक लोक 1961 ऐकतात, भारावतात आणि तिथेच थांबतात. मला हे थांबणं पटत नाही. सुरुवात 1961 नेच करावी, पण दुसरा अल्बम शेवटच्या दोन वर्षांतला घ्यावा. मधलं सगळं नंतर.

आधी 1961. रविवार, 25 जून. रिव्हरसाइड कंपनीचा निर्माता ऑरिन कीपन्यूज यानं दुपारपासून रात्रीपर्यंतचे पाचही सेट, म्हणजे वादनाच्या फेऱ्या, ध्वनिमुद्रित करून घेतले. डबल बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. आपल्याकडचा कान घेऊन ऐकायला बसलात तर फरक पटकन कळेल: तोवरची बहुतेक पियानो त्रिकुटं म्हणजे गायक आणि तबल्याची संगत; इथं मात्र जुगलबंदी आहे. लाफारो ठेका धरून बसत नाही. तो वरच्या पट्टीत चढतो, पियानोच्या वाक्याला मध्येच उत्तर देतो, कधी गप्प राहून जागा सोडतो. मोशनसुद्धा प्रत्येक मात्रा वाजवून दाखवत नाही, लय तिघांच्या मनात चालू आहे असं गृहीत धरून तो ब्रशनं नुसते इशारे देतो.

त्यानंतर अकरा दिवसांनी, 6 जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय 25. एव्हान्सनं पुढचे काही महिने जाहीर कार्यक्रम बंद ठेवले. 25 जूनच्या टेपमधून दोन अल्बम निघाले, आणि नेमका कोणता घ्यायचा हा गोंधळ इथंच होतो.

‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आधी आला. लाफारोचं वादन जिथं सर्वांत ठळक आहे असे तुकडे त्यासाठी मुद्दाम निवडले होते. सुरुवातीची ‘ग्लोरियाज स्टेप’ आणि शेवटची ‘जेड व्हिजन्स’ या दोन्ही रचनाही त्याच्याच. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ त्यानंतरचा. त्यात संथ प्रेमगीतांचा भाग मोठा आहे. ‘माय फूलिश हार्ट’नं तो उघडतो आणि पहिल्या स्वरापासून नवख्या माणसालाही धरून ठेवतो.

नवख्यानं ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘संडे’ कमी प्रतीचा म्हणून नव्हे. त्यात बेस इतका पुढे आहे की त्रिकुट कसं चालतं हे कानाला कळण्याआधी तो ऐकला तर पियानो कुठं हरवला असं वाटू शकतं. हेडफोन लावा आणि ‘माय फूलिश हार्ट’ची सुरुवात ऐका. एव्हान्स एक स्वरसमूह ठेवतो आणि तो विरेपर्यंत पुढच्याला हात घालत नाही. लाफारो एकेक स्वर मोजून टाकतो, ब्रश झांजेवरून घासला जातो, आणि मागून ग्लासांची किणकिण, लोकांची कुजबुज. त्या दिवशी तिथं बसलेल्या मंडळींपैकी काही चक्क गप्पा मारत होती. हा आवाज कोणी पुसून टाकला नाही हे फार चांगलं झालं, कारण तो वाद्यांच्या इतका जवळ आहे की खोलीचा आकारसुद्धा कळतो.

या दिवसाचं सगळं ध्वनिमुद्रण तीन सीडींच्या संचातही मिळतं. त्यातली पहिलीच ‘ग्लोरियाज स्टेप’ वीज गडबडल्यामुळे मध्ये तुटते, तीही तशीच ठेवली आहे. एकाच चालीचे दोन-दोन, तीन-तीन टेक, म्हणजे वेगवेगळ्या वेळची वादनं, सलग ऐकण्याची ज्याला गोडी आहे त्यानं संच घ्यावा. पहिल्याच फटक्यात नको, टेक वेगळे कसे हे कळायला चाल आधी ओळखीची व्हावी लागते.

आता दुसरं टोक. 1978-79 च्या सुमारास एव्हान्सनं मार्क जॉन्सन (बेस) आणि जो लाबार्बेरा (ड्रम्स) या दोन तरुण साथीदारांना घेऊन त्याचं शेवटचं त्रिकुट उभं केलं. तोवर त्याचं शरीर व्यसनानं पोखरलं होतं, मोठा भाऊ हॅरी 1979 मध्ये आत्महत्या करून गेला. हे सगळं माहीत असल्यामुळे काही जण हे संगीत दुःखाच्या चष्म्यातून ऐकतात. मी म्हणेन, आधी हात ऐका. 1961 चा एव्हान्स मऊ, आत वळलेला. 1979-80 चा एव्हान्स पियानोवर जोरात उतरतो, लय पुढे ढकलतो, डावा हात भरून वाजवतो. संकोच पार गेलेला.

या काळासाठी माझी निवड ‘द पॅरिस कॉन्सर्ट’. 26 नोव्हेंबर 1979 ची मैफल, दोन भागांत निघालेली. पहिला भाग घेतलात तर तुलना करणं अगदी सोपं होतं, कारण ‘माय रोमान्स’ त्यातही आहे आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’तही. 1961 चं ‘माय रोमान्स’ एव्हान्स एकटा सुरू करतो, मग दोघं अलगद आत येतात आणि चाल हातात हात घालून चालत राहते. पॅरिसमध्ये तीच चाल वेगानं धावते, लांबते, तिथं ड्रम्सला बोलायला मोकळं मैदान मिळतं. दोन्ही लागोपाठ ऐका. एकदाच ऐकून कोणतं ‘चांगलं’ ते ठरवू नका.

दुसऱ्या भागात ‘नार्डिस’ आहे आणि फक्त त्यासाठीसुद्धा तो घ्यावा. या रचनेची कथा गमतीची आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या नावावरची ही चाल माइल्सनं स्वतः कधीच ध्वनिमुद्रित केली नाही. 1958 मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडरलीसाठी ती पहिल्यांदा मुद्रित झाली, त्यात पियानोवर एव्हान्स होता, आणि पुढं ती जवळजवळ त्याचीच झाली. फेब्रुवारी 1961 च्या ‘एक्सप्लोरेशन्स’ अल्बममधलं ‘नार्डिस’ सहा मिनिटांच्या आत संपतं. पॅरिसमध्ये तेच त्याच्या दुपटीहून लांब आहे. आधी एव्हान्स एकट्यानं तिला उलटीपालटी करतो, मूळ चालीपासून इतका दूर जातो की परत येईल की नाही अशी धाकधूक वाटते. मग बेस एकटा, मग ड्रम्स एकटे, शेवटी तिघं. 1961 मध्ये तिघं सतत एकमेकांत बोलतात, इथं प्रत्येक जण आपली बाजू पूर्ण मांडतो. ही माझ्या मते दोन त्रिकुटांतली सर्वांत मोठी तफावत, आणि ती कुठल्याही चरित्रापेक्षा या दोन ‘नार्डिस’मध्ये स्पष्ट कळते.

जून 1980 चं व्हॅनगार्ड ‘टर्न आउट द स्टार्स’ या नावानं सहा सीडींच्या संचात आहे. वादन ताकदीचं आहे, पण एकाच आठवड्यातल्या मैफली असल्यामुळे चाली पुन्हा पुन्हा येतात. पॅरिस दोन तासांच्या आत तेच चित्र देतं, शिवाय तिथं लय अजून ताब्यात आहे.

या दोन टोकांमध्ये एकच अल्बम घ्यायचा तर ‘यू मस्ट बिलीव्ह इन स्प्रिंग’. ऑगस्ट 1977 मध्ये स्टुडिओत झालेला, बेसवर एडी गोमेझ, ड्रम्सवर एलियट झिगमंड. बाजारात आला मात्र 1981 मध्ये, एव्हान्स गेल्यानंतर. ज्यांना क्लबातला गलका नको, स्वच्छ आणि भरीव ध्वनी हवा, त्यांनी खुशाल इथून सुरुवात करावी. यातली ‘वी विल मीट अगेन’ ही रचना हॅरीसाठी आहे, तो हयात असताना मुद्रित झालेली. ज्या डेबीच्या नावाचा वॉल्ट्झ एव्हान्सला आयुष्यभर पुरला, ती याच हॅरीची मुलगी. एव्हान्सनं तो वॉल्ट्झ पहिल्यांदा 1956 च्या रेकॉर्डवर एकट्यानं, अगदी थोडक्यात वाजवला होता.

त्रिकुटाबाहेरचं थोडक्यात सांगतो. ‘अंडरकरंट’मध्ये जिम हॉलची गिटार आणि पियानो, दोघंच. एव्हान्सचा कान किती तीक्ष्ण होता हे तिथं दिसतं आणि तो मी चौथ्या क्रमांकावर घेईन. 1963 चा ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ’ ग्रॅमी विजेता आहे. त्यात तो स्वतःच्याच वादनावर वादन चढवून तीन पियानो एकत्र आणतो. कसब मोठं, पण दाटीवाटीमुळे मला तो लवकर थकवतो. गायक टोनी बेनेटबरोबरचा 1975 चा अल्बम गाणं आवडणाऱ्यांसाठी उत्तम, पियानोसाठी पहिली निवड नव्हे. माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये तो एक गाणं सोडून सगळीकडे आहे, पण तो अल्बम तुमच्याकडे बहुधा असेलच.

राहिले सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘कीस्टोन कॉर्नर’चे दोन संच, प्रत्येकी आठ सीडींचे. ऑगस्ट 1980 च्या अखेरीपासून 8 सप्टेंबरपर्यंतचं वादन. 15 सप्टेंबरला तो गेला. इथं लय अनेकदा पुढे पळते, बोटं विचाराच्याही आधी धावतात, आणि मधूनच एखादं संथ गाणं इतकं उघडं येतं की ऐकणं जड जातं. पॅरिसचं ‘नार्डिस’ तोंडपाठ झाल्यावर हे संच घ्या. त्याआधी घेतले तर सोळा सीडींमध्ये काय शोधायचं तेच कळणार नाही.